हुर्यो कोणत्या कलमात बसते?

३१ ऑगस्ट २०२५ रोजी ऑस्ट्रेलियातील मोठ्या शहरांत 'मार्च फॉर ऑस्ट्रेलिया' या नावाने मोर्चे निघाले. बाहेरून येणाऱ्यांना थांबवा, ही मागणी. मोर्च्याच्या प्रचारपत्रकात भारतीयांचा नाव घेऊन उल्लेख होता, त्यामुळे आपल्याकडच्या वाहिन्यांना दोन दिवस पुरेल एवढा मसाला मिळाला. पण त्याच दिवशी मेलबर्नमध्ये आणखी एक घटना घडली. काळ्या कपड्यांतील नवनाझींच्या टोळक्याने किंग्ज डोमेन या उद्यानातील 'कॅम्प सॉव्हरेन्टी' या आदिवासींच्या ठिय्यावर हल्ला चढवला. त्या उद्यानात आदिवासी पूर्वजांचे अवशेष पुरलेले आहेत. म्हणजे गंमत पाहा! मोर्चा कशासाठी, तर परक्यांना हाकलण्यासाठी. आणि मार कोणाला, तर जे त्या भूमीवर हजारो वर्षांपासून राहतात त्यांना!

त्याआधी चारच महिने, २५ एप्रिल २०२५ च्या पहाटे, याच मेलबर्नच्या युद्धस्मारकापाशी मृत सैनिकांना अभिवादन करण्याचा सोहळा चालू होता. तिथल्या प्रथेप्रमाणे एक आदिवासी ज्येष्ठ व्यक्ती जमलेल्यांचे या भूमीवर स्वागत करण्यासाठी उभी राहिली आणि अंधारातून तिची हुर्यो उडवली गेली.

ही हुर्यो ऑस्ट्रेलियाला नवी नाही. अ‍ॅडम गुड्स नावाच्या फुटबॉलपटूने ती वर्षभराहून अधिक काळ, आठवड्यामागून आठवडा, पन्नास-पन्नास हजारांच्या तोंडून ऐकली आणि शेवटी मैदान सोडले. मराठी वाचकाला हे नाव फारसे ठाऊक नसेल. आपल्याला मेलबर्नचे मैदान ठाऊक आहे ते क्रिकेटमुळे. पण हिवाळ्यात त्याच मैदानावर 'ऑस्ट्रेलियन रूल्स' नावाचा तिथला स्वतःचा फुटबॉल खेळला जातो. एका बाजूला १८ खेळाडू, चेंडू लांबट, मैदान क्रिकेटचेच, चेंडू लाथेने मारायचा किंवा मुठीने ठोसून पुढे द्यायचा. या खेळाचे नियम १८५९ साली मेलबर्नमध्ये लिहिले गेले. तिथे आजही क्रिकेटपेक्षा या खेळाचे वेड जास्त आहे.

गुड्सचा जन्म ८ जानेवारी १९८० चा, दक्षिण ऑस्ट्रेलियातील वॉलरू या गावचा. वडील गोऱ्या वंशाचे, आई अदन्यामथन्हा आणि नरुंगा या आदिवासी समूहांची. ही आई 'स्टोलन जनरेशन्स'पैकी एक होती. साधारण १९१० ते १९७० या काळात तिथल्या सरकारांनी आणि मिशनऱ्यांनी आदिवासींची मुले आईबापांच्या कुशीतून उचलून नेली आणि गोऱ्या संस्थांत, गोऱ्या घरांत वाढवली. हेतू असा की त्यांनी आपली भाषा, आपले लोक, आपले नाव विसरावे. पंतप्रधान केविन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत त्याबद्दल देशाच्या वतीने माफी मागितली. नवऱ्यापासून वेगळी झालेली ही बाई तीन मुलांना घेऊन गावोगाव फिरली. अ‍ॅडम आधी साधा फुटबॉल खेळायचा. नव्या शाळेत तो संघच नव्हता, म्हणून पोरगा या खेळाकडे वळला.

पुढची कारकीर्द आकड्यांतच सांगण्यासारखी आहे. १९९७ च्या निवडीत सिडनी स्वान्स संघाने त्याला ४३ व्या क्रमांकावर घेतले. १९९९ मध्ये पदार्पण आणि त्याच वर्षी उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कार. २००३ आणि २००६ अशी दोनदा ब्राउनलो पदके. मोसमातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा तो मान आहे. २००५ आणि २०१२ साली विजेतेपद. २०१२ चा अंतिम सामना तर तो गुडघ्यातील बंध फाटलेला असताना खेळला. एकूण ३७२ सामने, ४६४ गोल. त्या वेळेपर्यंत इतके सामने खेळलेला दुसरा आदिवासी खेळाडू नव्हता. आणि २०१४ साली 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर', म्हणजे देशाचा त्या वर्षीचा सर्वांत मोठा नागरी बहुमान.

आता आपल्या गुणवत्तावाद्यांना विचारायला हवे की यापेक्षा जास्त 'मेरिट' कसे असते? आरक्षणाच्या प्रत्येक चर्चेत आपल्याला सांगितले जाते की पोरांनो, नुसते शिका, गुणवत्ता दाखवा, जात आपोआप गळून पडेल. कोलंबिया आणि लंडनचे शिक्षण घेऊन बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबूनच फेकत होते. गुड्सची गोष्ट त्याच वळणाची आहे, फरक एवढाच की ती एकविसाव्या शतकात आणि टीव्हीवर थेट घडली.

२४ मे २०१३. मेलबर्नच्या मैदानावर सिडनी विरुद्ध कॉलिंगवूड. आदिवासी खेळाडूंच्या सन्मानार्थ दरवर्षी एक फेरी भरवली जाते, तिचा हा पहिलाच सामना. सामना संपत आलेला. सीमारेषेजवळ गुड्सच्या कानावर आवाज आला, 'एप'. म्हणजे माकड. त्याने थांबून बोट दाखवले आणि सुरक्षारक्षकाला सांगितले की या व्यक्तीला बाहेर काढा. ती व्यक्ती १३ वर्षांची गोरी मुलगी निघाली. दुसऱ्या दिवशी गुड्सने काय केले? त्या मुलीला दोष देऊ नका, तिला आधार द्या, हे ती घरात आणि आजूबाजूला ऐकूनच शिकली आहे, असे त्याने जाहीरपणे सांगितले. मुलीने फोन करून माफी मागितली, त्याने ती स्वीकारली. ज्याचा अपमान झाला त्यानेच अपमान करणाऱ्याला सांभाळून घेतले. यापेक्षा अधिक करुणा कोणत्या माणसाकडून अपेक्षित आहे?

पण गोष्ट तिथे संपली नाही. कॉलिंगवूड क्लबचे अध्यक्ष एडी मॅकग्वायर सामन्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये जाऊन गुड्सची माफी मागून आले होते. पाचच दिवसांनी हेच गृहस्थ रेडिओवर बोलताना म्हणून गेले की 'किंग काँग' या नाटकाच्या जाहिरातीला गुड्सला बोलवायला हवे होते. जीभ घसरली, असा नंतर खुलासा. आपल्याकडेही अशा जिभा सारख्या घसरत असतात, आणि नेमक्या एकाच दिशेला घसरतात.

कॉलिंगवूडचा इतिहासही पाहिला पाहिजे. १७ एप्रिल १९९३ रोजी त्यांच्याच व्हिक्टोरिया पार्क मैदानावर निकी विनमार या सेंट किल्डाच्या आदिवासी खेळाडूला प्रेक्षकांनी दिवसभर शिव्या घातल्या. सामना जिंकल्यावर विनमार त्या प्रेक्षकांसमोर गेला, अंगातला जर्सी वर उचलला आणि आपल्या काळ्या पोटावर बोट ठेवून उभा राहिला. ते छायाचित्र आज ऑस्ट्रेलियाच्या इतिहासाचा भाग आहे. तेव्हाचे क्लबचे अध्यक्ष अ‍ॅलन मॅकअ‍ॅलिस्टर यांनी यावर असे मत दिले की आदिवासी लोक गोऱ्या माणसांसारखे वागले तर सगळे त्यांचा आदरच करतील! चवदार तळ्याच्या काठावर आपल्यालाही हेच ऐकवले जात होते. स्वच्छ राहा, नीट वागा, मग पाहू.

आणखी मागे गेले तर डग निकोल्स भेटतात. १९२७ साली कार्लटन क्लबमध्ये खेळायला गेलेल्या या तरुणाला काळा म्हणून टिकू दिले नाही. क्लबच्या मालिशवाल्यांनी त्याच्या अंगाला हात लावायला नकार दिला. स्पर्शाचा हा नकार वाचताना आंबेडकरी वाचकाला वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. निकोल्स पुढे फिट्झरॉयकडून खेळले, आदिवासींच्या हक्काच्या चळवळीत आयुष्य घालवले आणि १९७६ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झाले. ज्यांना मालीश नाकारली त्या सर डग निकोल्स यांचे नाव आता आदिवासी सन्मानाच्या त्या फेरीला दिलेले आहे.

विनमारच्या त्या छायाचित्रानंतर दोन वर्षांनी, एप्रिल १९९५ मध्ये, मायकेल लाँग या खेळाडूला प्रतिस्पर्धी खेळाडूने वंशावरून शिवी दिली. लाँग गप्प बसला नाही. त्याच्या हट्टापायी त्याच वर्षी लीगने नियम ३० केला. वंश, धर्म, रंग यावरून मैदानावर शिवीगाळ केली तर कारवाई. अशा तऱ्हेचा नियम करणाऱ्या जगातल्या सुरुवातीच्या क्रीडासंस्थांत या लीगची गणना होते. खेळाडूंनी मग शिव्या देणे बरेच थांबवले. प्रेक्षकांनी पर्याय शोधला. त्यांनी शब्दच टाकून दिला आणि नुसता आवाज ठेवला!

२०१४ पासून गुड्सच्या पायात चेंडू आला की हुर्यो सुरू व्हायची. देशाचा बहुमान स्वीकारताना त्याने वंशवादावर बोलणे थांबवले नव्हते. २६ जानेवारी हा 'ऑस्ट्रेलिया दिन' आदिवासींसाठी आक्रमणाचा दिवस आहे, ही वेदनाही त्याने बोलून दाखवली होती. (१७८८ साली इंग्रजांनी सिडनीला झेंडा रोवला तो हा दिवस. आपला प्रजासत्ताक दिनही हाच, हा निव्वळ योगायोग. पण दिनदर्शिकेतला एकच चौकोन दोन देशांत किती वेगळा असतो!) २९ मे २०१५ रोजी, पुन्हा आदिवासी सन्मानाच्याच फेरीत, कार्लटनविरुद्ध गोल केल्यावर गुड्सने आदिवासी युद्धनृत्याची काही पावले टाकली आणि भाला फेकल्याचा अभिनय केला. हे नृत्य त्याला आदिवासी मुलांच्या १६ वर्षांखालील संघाने शिकवले होते. हातात ना भाला, ना काठी. तरी गोरे प्रेक्षक म्हणे घाबरले! न्यूझीलंडचा रग्बी संघ प्रत्येक सामन्याआधी जीभ बाहेर काढून 'हाका' करतो तेव्हा टाळ्या पडतात, इथे मात्र प्रेक्षकांच्या जिवाला धोका निर्माण झाला.

मग हुर्योला ऊत आला. २६ जुलै २०१५ ला पर्थमध्ये ती इतकी वाढली की लुईस जेटा या त्याच्या आदिवासी सहकाऱ्याने गोल करून गुड्सच्या वतीने तेच नृत्य प्रेक्षकांसमोर केले. गुड्सने त्यानंतर रजा घेतली. पुढच्या शनिवारी सिडनीच्या मैदानावर तो नसतानाही तिसऱ्या सत्राच्या सातव्या मिनिटाला हजारो लोक उभे राहिले आणि टाळ्या वाजवल्या. त्याच्या जर्सीचा क्रमांक ३७ होता. तोही ऑस्ट्रेलियाच आहे, हे नोंदवलेच पाहिजे. तो परतला, मोसम संपेपर्यंत खेळला आणि १९ सप्टेंबर २०१५ च्या पराभवानंतर सहकाऱ्यांना आत खोलीतच सांगून निवृत्त झाला. अंतिम सामन्याच्या दिवशी निवृत्त खेळाडूंना गाडीतून मैदानाला फेरी मारून निरोप देतात. तो मान त्याने नाकारला. १७ वर्षे खेळलेल्या माणसाने आपल्या प्रेक्षकांकडे पाहून हात हलवायचेही टाळले, यातून काय ते समजावे.

आता मुद्द्याचे बोलू. हुर्यो उडवणारे काय म्हणत होते? रेडिओवरचे अ‍ॅलन जोन्स, स्तंभलेखक अँड्र्यू बोल्ट आणि त्यांचे हजारो चाहते यांचे युक्तिवाद मी पुन्हा पुन्हा वाचले तेव्हा मला आपल्या सत्र न्यायालयात बसल्यासारखे वाटले. आम्ही तो काळा आहे म्हणून हुर्यो उडवत नाही. तो फ्री किक मिळवण्यासाठी नाटक करतो म्हणून उडवतो. त्याने एका लहान मुलीला लोकांसमोर उघडे पाडले म्हणून उडवतो. तो सारखा स्वतःला पीडित म्हणवतो म्हणून उडवतो. आणि सर्वांत लाडका युक्तिवाद असा की लीगमध्ये आदिवासी खेळाडू काही थोडे नाहीत, इतरांना आम्ही कुठे काय म्हणतो?

वकील म्हणून सांगतो, हा शेवटचा युक्तिवाद ऐकून आरोपीच्या विरुद्धच निकाल द्यायला हवा. इतरांना काही म्हणत नाही, कारण इतर बोलत नाहीत. गोल करा, टाळ्या घ्या, आदिवासी रंगाची जर्सी घाला, वर्षातून एक फेरी नाचा, आणि गप्प राहा. या करारावर सही करणारा 'चांगला'. आपल्या गावगाड्यातही असा एक 'चांगला' माणूस असतोच. आमच्या गावात काहीच नव्हते हो, तुम्ही शहरातून येऊन पोरांना फितवता, हे वाक्य अ‍ॅट्रॉसिटीच्या किती प्रकरणांत ऐकले याची गणती नाही.

कायद्याने पाहू. ऑस्ट्रेलियाच्या १९७५ च्या वांशिक भेदभाव कायद्यात १९९५ साली कलम १८-सी घातले गेले. वंशामुळे एखाद्याचा जाहीरपणे अपमान, पाणउतारा करणारे 'कृत्य' बेकायदा. कृत्य म्हटले आहे, शब्द नव्हे. तेव्हा हुर्यो त्यात बसायला हरकत नसावी. पण हे कलम दिवाणी स्वरूपाचे, त्यात तुरुंग नाही. आणि दावा लावायचा कोणावर? पन्नास हजार प्रतिवादी? शिवाय 'वंशामुळे' हा शब्द सिद्ध करायचा कसा? याच कलमाखाली २०११ साली अँड्र्यू बोल्ट यांच्याविरुद्ध फेडरल कोर्टाने निकाल दिला होता. उजळ रंगाचे लोक फायद्यासाठी आदिवासी म्हणवतात, असे लेख त्यांनी लिहिले होते. तिथे लेख होता, म्हणून पुरावा होता. हुर्योचा पंचनामा कोण करणार?

आपल्याकडे 'मुळे' या एका शब्दाने किती जणांना न्याय नाकारला, ते आपण जाणतो. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना खुनासाठी दोषी ठरवले, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयानेही तेच धरले. हा सूड होता म्हणे, जात नव्हती! २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हितेश वर्मा प्रकरणात सांगितले की फिर्यादी अनुसूचित जातीचा आहे एवढ्यानेच अपमान हा या कायद्याखालचा गुन्हा होत नाही. तो जातीमुळे आणि लोकांसमक्ष झालेला असला पाहिजे. जातीचे नाव घेतले का, किती जणांनी ऐकले, चार भिंतींच्या आत की बाहेर, या उलटतपासणीत फिर्यादीच आरोपी होऊन जातो. आणि ज्याला कायदा कळतो तो जातीचे नाव घेतच नाही. तो हसतो. नाक मुरडतो. चहाचा कप वेगळा ठेवतो. वर्गात तुमचे नाव हजेरीत वाचताना आडनावापाशी क्षणभर थांबतो.

तरीही एक गोष्ट अभिमानाने सांगितली पाहिजे. आपला १९८९ चा कायदा याबाबतीत ऑस्ट्रेलियाच्या पुढे आहे. २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा झाला, आणि बहिष्कार ही शब्द नसलेली हुर्योच असते. त्याच दुरुस्तीने असे गृहीतक आणले की आरोपी पीडिताला ओळखत असेल तर त्याची जात आरोपीला माहीत होती असेच न्यायालयाने धरावे. आणि कलम १६ तर सामुदायिक दंडाची तरतूद करते! गाव मिळून अपमान करते, तेव्हा दंडही गावाने भरावा, हे या कायद्याला ठाऊक आहे. माझ्या वकिलीत हे कलम वापरलेले मी पाहिलेले नाही, ही गोष्ट वेगळी. कलम आहे, ते मागणारे अर्ज पडले पाहिजेत.

खेळाच्या मैदानावरचे उदाहरण हवे असेल तर ऑगस्ट २०२१ आठवा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताच्या महिला हॉकी संघाची अर्जेंटिनाविरुद्ध उपांत्य फेरीत हार झाली आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबादमध्ये वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके फुटले, जातीवाचक शिव्या दिल्या गेल्या. काही दिवसांपूर्वीच तिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅट्ट्रिक केली होती, ऑलिम्पिकमध्ये असे करणारी ती पहिली भारतीय महिला. तिथे शब्द उच्चारले गेले म्हणून गुन्हा दाखल झाला. नुसतेच फटाके फुटले असते तर?

ऑस्ट्रेलियन लीगला शब्दाविना काहीच दिसत नव्हते. हुर्यो चालू होती तेव्हा तिला वंशवाद म्हणायला लीगचे अधिकारी कचरत राहिले. २०१९ मध्ये या प्रकरणावर 'द फायनल क्वार्टर' हा माहितीपट आला. केवळ त्या काळातील बातम्या आणि चित्रफिती एकापुढे एक जोडलेल्या. तो पाहिल्यावर लीगने आणि सगळ्या १८ क्लबांनी जाहीर माफी मागितली. चार वर्षांनी! फेब्रुवारी २०२१ मध्ये कॉलिंगवूडचा अंतर्गत अहवाल फुटला, त्यात क्लबमध्ये व्यवस्थेतच मुरलेला वंशवाद असल्याचे म्हटले होते. मॅकग्वायर यांनी पत्रकार परिषदेत त्याला क्लबच्या दृष्टीने अभिमानाचा दिवस म्हणून टाकले, आणि आठवडाभरात त्यांना पायउतार व्हावे लागले. त्याच वर्षी लीगने गुड्सला 'हॉल ऑफ फेम'मध्ये घेण्याचे ठरवले. गुड्सने नकार कळवला.

या नकाराने अनेक भल्या गोऱ्या लोकांना वाईट वाटले. माफी मागितली ना, आता आणखी काय हवे? पण माफी मागणाऱ्याने तारीख ठरवायची, माफीचा समारंभही त्यानेच ठरवायचा आणि अपमानिताने ठरल्या वेळी हार घालून घ्यायचा, हा समेट कसला? तंटामुक्तीच्या नावाखाली चावडीवर बसवून असे समेट आपल्याकडेही घडवले जातात. गुड्सने कोणाला शिवी दिली नाही, मोर्चा काढला नाही, फक्त गेला नाही.

१४ ऑक्टोबर २०२३ रोजी ऑस्ट्रेलियात सार्वमत झाले. आदिवासींचा आवाज संसदेपर्यंत नेणारे एक सल्लागार मंडळ राज्यघटनेत असावे की नाही, एवढाच प्रश्न. निर्णयाचा अधिकार नाही, नकाराधिकार नाही, नुसता सल्ला. सुमारे ६० टक्के मतदारांनी 'नाही' म्हटले, एकाही राज्यात 'होय'ला बहुमत मिळाले नाही. मतदान गुप्त असते. हुर्योसारखेच त्यातही कोणाचे नाव लागत नाही.

त्या मतदारांत ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व घेतलेले भारतीयही होते, मराठी माणसेही होती. २००९ मध्ये मेलबर्नला भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले तेव्हा आपल्या वाहिन्यांनी वंशवादाचा निषेध केला, तो योग्यच होता. आता २०२५ च्या पत्रकानंतरही निषेध झाला. पण तिथे स्थायिक झालेल्या आपल्या लोकांपैकी किती जण कॅम्प सॉव्हरेन्टीकडे गेले? घरी जातीची उतरंड जपायची आणि बाहेर रंगाच्या उतरंडीविरुद्ध दाद मागायची, हे दुटप्पीपण प्रस्थापितांना शोभत असेल. तिथल्या आंबेडकरी बांधवांनी मात्र १४ एप्रिलच्या जयंतीला एखाद्या आदिवासी ज्येष्ठाला व्यासपीठावर बोलवावे, त्यांच्या २६ जानेवारीच्या शोकदिनाला निळा झेंडा घेऊन उभे राहावे.

गुड्स आता मैदानावर दिसत नाही. त्याने आणि मायकेल ओलॉक्लिन या सहकारी खेळाडूने २००९ मध्ये, म्हणजे हुर्यो सुरू होण्याच्या कितीतरी आधी, 'गो फाउंडेशन' ही संस्था काढली होती. आदिवासी मुलामुलींना शाळा-कॉलेजसाठी ती शिष्यवृत्त्या देते. ते काम चालू आहे.